कोटी जुळवणारा प्रोग्राम

पडद्यावरच्या एकेका चौकटीवरून रंगीत कड सरकत आहे. ती हव्या त्या चौकटीवर पोहोचेपर्यंत वाट पाहायची आणि नेमक्या क्षणी डोक्याजवळचे बटण दाबायचे, एवढीच हालचाल काही मुलांना खात्रीने साधते.

सेरेब्रल पाल्सी या, मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणाऱ्या विकारामुळे ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी बोलणारी यंत्रे पूर्वीपासून होती. मात्र त्यांत भरलेली वाक्ये बहुतेक गरजेची असत. पाणी हवे, खुर्ची सरकवा. मित्राला कोडे घालून चकवणे त्यात क्वचितच बसे. मनावरचा ताण उतरायला हसावे, असे आपण सहज सांगतो. दुसऱ्याला हसवण्याचीही माणसाला तेवढीच गरज असते, हे मात्र विसरतो.

स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन, डंडी आणि एडिंबरा या विद्यापीठांनी २००३ ते २००७ या काळात उभारलेला, अशा मुलांना कोट्या, म्हणजे शब्दखेळाचे विनोद, रचून देणारा ‘स्टँडअप’ प्रकल्प त्या गरजेतून आला. त्याचे मूळ ‘जेप’ या कोडी रचणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे, जो किम बिन्स्टेड आणि ग्रॅम रिची यांनी १९९० च्या दशकात एडिंबरा येथे तयार केला. ‘जेप’ची रीत पाहण्यासारखी आहे. ‘सीरियल किलर’ (एकामागून एक खून करणारा) हा जोडशब्द घ्यावा. इंग्रजीत न्याहारीच्या धान्यालाही, वेगळ्या स्पेलिंगने, ‘सीरियल’च म्हणतात. प्रोग्राम पहिल्या शब्दाच्या जागी हा दुसरा बसवतो, शब्दकोशातून धान्याशी आणि मारेकऱ्याशी नाते सांगणारे शब्द काढतो आणि प्रश्न रचतो: तंतुमय पदार्थांनी भरलेल्या खुन्याला काय म्हणतात? उत्तर: (न्याहारीचा) ‘सीरियल किलर’. यात गंमत आहे, हे प्रोग्रामला कळत नाही. त्याला फक्त उच्चार आणि अर्थ जुळवता येतात. (मराठीत ‘कर’ म्हणजे हातही आणि सरकारी देणेही, तेव्हा आपल्याकडेही तो उपाशी राहणार नाही.)

‘स्टँडअप’ने या रीतीला मुलांच्या हाती देण्याजोगे रूप दिले: शब्दांशेजारी चित्रे आली, अनोळखी व अशोभनीय शब्द गाळले गेले, विषय निवडण्याची मुभा मिळाली आणि तयार झालेली कोटी यंत्र मोठ्याने बोलू लागले.

चाचणी नऊ मुलांसोबत झाली; त्यांना प्रोग्राम वापरता आला आणि विनोद सांगायला आवडले.

आता पुन्हा पडद्याकडे पाहावे. प्रश्न विचारून झाला आहे, समोरच्या बाईंनी ‘नाही येत’ म्हणून मान हलवली आहे, आणि रंगीत कड उत्तराच्या चौकटीकडे निघाली आहे.