डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड

कुठल्याही शाळेत जा, चौथी-पाचवीच्या पोरांना कोरा कागद द्या आणि म्हणा काढा काहीही. काय येणार ते तुम्हालाही माहितीये. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, डोंगरातूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि वर उडणारे चार पक्षी.

आता गंमत बघा, आमच्याकडची ही पोरं सातारा जिल्ह्यातली, खटाव-माणच्या बाजूची, इथं नारळ कुठंय? आणि वर्गाच्या खिडकीतून जो डोंगर दिसतोय तो त्रिकोणी नाहीचे मुळी, त्याचा माथा सपाट आहे, सगळा पठारासारखा. आपल्याकडचे बरेचसे डोंगर असेच, लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले, अजिंक्यताऱ्याकडे लांबून बघा म्हणजे कळेल. पण खिडकीबाहेर एक डोंगर आणि कागदावर दुसराच, आणि यात कुणाला काही खटकत नाही, कारण चित्रातला डोंगर पोरांनी डोंगर बघून शिकलेलाच नाही, तो आधीच्या चित्रावरून शिकलाय.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे छात्राध्यापिका. सराव पाठ घ्यायचे, पाठ टाचण म्हणजे तासाचा आराखडा लिहायचा, मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर बसून नोंदी करणार, असं सगळं. कलाशिक्षण आम्हाला विषय म्हणून आहे, पण खरं सांगू का, सगळ्यात कमी सिरियसली घेतला जाणारा विषय तोच. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीपर्यंत कला सक्तीची करा म्हणून लिहिलंय, 2020 च्या धोरणात इतर विषय कलेतून शिकवा म्हणून लिहिलंय, आणि प्रत्यक्षात चित्रकलेच्या तासाला गणिताचा पोर्शन पूर्ण होतो. असो, त्यावर वेगळा व्हिडिओ होईल.

तर हा व्हिडिओ आहे म्युझियममध्ये बसून चित्र काढण्याबद्दल. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत बघितलं असेल, बघितलं म्हणजे काय तर रांगेने आत जायचं, मागचा ढकलतो म्हणून पुढे सरकायचं, मस्तानी महालापाशी जरा थांबायचं आणि बाहेर येऊन भेळ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हे जमवलं, ते कवीसुद्धा होते, अज्ञातवासी या नावाने लिहायचे, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव. हे कळल्यावर त्या नावाकडे बघायची नजरच बदलते. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात आहे आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. दिवे, कुलपं, अडकित्ते, वज्री, फण्या, कुंकवाचे करंडे, वाद्यं, वाड्यांचे दरवाजे. नुसत्या राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीत हो, घरात वापरायच्या वस्तू. बहुतेकांवर बनवणाऱ्याचं नाव नाही.

इथं आम्ही छात्राध्यापक गेलो तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, पूर्ण म्युझियम बघायचं नाही. एकच कपाट निवडा, त्यातली एकच वस्तू, आणि ती काढा. रंग-बिंग बॅगेतच ठेवायचे, आधी विचारून परवानगी घ्यायची आणि फक्त पेन्सिल, हा नियम कुठल्याही म्युझियममध्ये पाळलेला बरा, काचेसमोर पाण्याची बाटली उघडून वॉटरकलर सुरू केलेत तर सिक्युरिटीवाले काका उठवणारच.

मी अडकित्त्यांसमोर बसले. का, तर गर्दी नव्हती म्हणून, बाकी काही उदात्त कारण नाही. पण जाण्याआधी आमच्याकडून एक काम करून घेतलं होतं, अडकित्ता आठवून काढा. घरी आजी-आजोबा सुपारी कातरताना सगळ्यांनीच बघितलेला, त्यामुळे सगळ्यांनी धडाधड काढला, आणि जवळजवळ सगळ्यांच्या चित्रात खीळ, म्हणजे दोन दांडे जोडणारा खिळा, मधोमध. म्हणजे आम्ही अडकित्ता नाही, कात्री काढली होती! अडकित्त्याची खीळ मध्ये नसते, ती एका टोकाला असते, सुपारी खिळीच्या जवळ, आणि दाबायचं दुसऱ्या टोकाला, म्हणून तर एवढी टणक सुपारी हाताच्या जोरावर कटकन तुटते. आणि हे आम्हाला माहीत नव्हतं असंही नाही बरं का. दुसऱ्या प्रकारची तरफ, मध्ये भार, एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला बल, उदाहरण अडकित्ता, हे शाळेत घोकून मार्क घेतलेले आम्हीच. परीक्षेत बरोबर आणि कागदावर चूक, एकाच माणसाचं.

काचेपलीकडची वस्तू समोर ठेवून काढायला लागलं की हे लपत नाही. पेन्सिल खिळीपाशी येऊन अडते. हा दांडा या दांड्याच्या वरून जातो का खालून? पातं वेगळं बसवलंय का दांड्यातूनच काढलंय? आणि एकदा हे प्रश्न सुरू झाले की मग घोड्याच्या आकाराचा अडकित्ता बघताना नुसतं 'वाव किती सुंदर' होत नाही, मग दिसतं की कारागिराने नक्षी कुठे केलीये आणि कुठे मुद्दाम सोडलीये, कारण तिथे बोटं येणार, तिथे धार येणार. माझं चित्र काही ग्रेट आलं नाही. शेडिंग तर भयानक. पण खीळ बरोबर जागी आहे, आणि मला वाटतं मी चित्रकलेतून शिकलेली ती पहिली माहिती, म्हणजे पुस्तकातून किंवा कुणी सांगितलेली नाही, हाताने शोधलेली.

इथं तुम्ही म्हणाल, बघून काढणं म्हणजे कॉपीच की. शाळेत 'कॉपी करू नकोस' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की बघून काढणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं वाटतं. असं वाटणाऱ्यांसाठी अजिंठ्याची गोष्ट. 1872 पासून पुढे 1885 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं तिथं राहून प्रतिकृती केल्या होत्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या, आणि दैव बघा, ग्रिफिथ्सच्या पोरांनी केलेल्यांपैकीही बऱ्याच नंतर लंडनमध्येच आगीत जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मधल्या काळात लेण्यांमधली मूळ चित्रं आणखी खराब झाली, त्यामुळे आज काही ठिकाणी तेव्हा तिथं काय होतं हे समजायला या विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतीच कामाला येतात. त्यातलेच एक पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. त्या अंधारात मान वर करून एकेक बोट, एकेक डोळा कागदावर उतरवणारी ती पोरं वयाने आमच्याएवढीच असणार, शिकाऊच.

मुंबईलाही गेलो होतो, तिथलं जास्त सांगत बसत नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो दगडी हत्ती आहे ना, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा पाडलं, तो मात्र जाल तेव्हा नक्की काढा. ब्रिटिशांनी 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना पडला, तुकडे झाले, आणि 1914 मध्ये जोडून उभा केला. फोटो काढला तर नुसता हत्ती येतो. चित्र काढायला बसलं की सांधे शोधावे लागतात.

आणि मग माझ्या घराजवळचं औंध. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत भवानी संग्रहालय लागतं, संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार माणूस, त्यांनी 1938 मध्ये सुरू केलेलं. राजा रविवर्मांची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि मूल. हेन्री मूर, आणि खटाव तालुक्यात! आमच्याकडची अर्धी माणसं देवीला जाऊन नारळ फोडून खाली येतात आणि मध्ये हे आहे याचा पत्ताच नसतो. यात मी देवीच्या बाजूने पण आहे, फक्त उतरताना तासभर काढा एवढंच म्हणणं.

बरं, पण प्रत्येक शाळेजवळ औंध नसतं. माझी इंटर्नशिप ज्या शाळेत होती तिथून सहल काढायची म्हणजे गाडी, पालकांची संमती, पैसे, सगळंच आलं. म्हणून पोरांना सांगितलं, घरात जी वस्तू आता कुणी वापरत नाही ती घेऊन या. आणि काय काय आलं! अडकित्ता आलाच, धान्य मोजायची पायली आणि शेर ही जुनी मापं, रॉकेलचा स्टोव्ह, कंदील, कुणाच्या आजोबांचा आडवा वजनकाटा, किल्ली हरवलेलं कुलूप. एका आजी स्वतः शाळेत आल्या, कारण त्यांना वाटलं नातू मापं भंगारात घालणार. त्या मग थांबल्याच, आणि शेर कसा भरायचा, शीग लावून का सपाट, यावर पोरांपेक्षा त्याच जास्त बोलल्या, माझा पाठ टाचणातला वेळ केव्हाच उलटून गेला.

पद्धत तीच ठेवली. आधी न बघता काढा, मग वस्तू समोर ठेवून काढा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून सांगा काय बदललं. रंग नाहीत, खोडरबर नाही. खोडरबर नसल्याचा जाम गोंधळ झाला, दोन पोरींनी तर तोंडं फुगवली, पण खोडलेली रेघ गायब झाली की आधी काय वाटत होतं ते पण गायब होतं, म्हणून मी हटले नाही. वर्गात एक मुलगी आहे, चित्रात ती 'कच्ची' म्हणून ठरलेली. तिला कंदील मिळाला. पहिल्या कागदावर नुसती बाटलीसारखी काच आणि वर कडी. दुसऱ्या कागदावर बाजूचा खटका, तो दाबल्यावर काच उचलली जाते ती तार, खाली वात वर-खाली करायची चकती, आणि कुणी सांगितलेलं नसताना तिने बाण काढलेत, हे इकडे फिरवलं की ते तिकडे. काच वाकडी आलीये. रेघा थरथरत्या. कंदील मात्र त्या चित्रावरून दुरुस्त करता येईल.

नंतर प्रश्न आला आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकताच केल्या जाणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदींचा. या नोंदींचा एक ठरलेला साचा फिरत असतो, 'चित्रे सुबक काढतो', 'रंगसंगती आकर्षक करते', शिक्षक त्यातूनच उचलतात, आणि पन्नास पोरं असतील तर दुसरं काय करणार, मी पण उद्या कदाचित तेच करेन. पण या मुलीसमोर 'सुबक' लिहिता येत नव्हतं आणि 'सुधारणा आवश्यक' लिहायला हात होईना. शेवटी लिहिलं, 'कंदिलाची काच कशी वर होते ते बाण काढून दाखवते.' मॅडम म्हणाल्या, अगं अशी नोंद यादीत नाहीये. मी म्हटलं, हो मॅडम. त्यांनी तिचे दोन्ही कागद मागून घेतले, जरा वेळ बघितले, आणि खाली सही केली.