पांढरीच्या पोटात

(दृश्य : सकाळचं ऊन, शेताकडेचं टेकाड, दोरीचे चौकोन)

काळीत पीक, पांढरीत गाव. नाशिकजवळचं हे टेकाड पांढरीचं. गाव कधीच उठून गेलं. मागे राहिली राख आणि पडक्या भिंतींची माती. तिच्या पोटात काय उरलंय, ते न खोदता शोधायचंय.

20 बाय 20 मीटरचा एक चौकोन. बांधावरून म्हातारे शेतकरी बाबा विचारतात, "पाणी बघता का?" 

अगदीच चुकीचं नाही. बोअरआधी जे यंत्र लावतात, त्याचंच हे धाकटं भावंड. सळया टोचायच्या, जमिनीत वीज सोडायची, ती किती अडते ते मोजायचं. ओल धरून बसलेल्या बुजल्या खड्ड्यातून ती सहज जाते, दगडी पायाशी अडखळते. सळयांमध्ये अंतर अर्धा मीटर, म्हणून कळतंही साधारण तेवढ्याच खोलीचं. दर मीटरला एक टोचणी, एका चौकोनात 400. मागे वायर सांभाळणारा मुलगा आकडे तोंडाने मोजतोय. इंग्लंडमध्ये 1946 साली रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी ही रीत पुरातत्त्वासाठी वापरली.

(दृश्य : मॅग्नेटोमीटर घेऊन चालणारी मुलगी)

हिने घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं झाडाखाली काढून ठेवलंय. भट्टीत तापलेली माती निवताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची खूण धरून ठेवते, आणि हे यंत्र ती खूण वाचतं. इथलं चुंबकीय क्षेत्र 40 हजार नॅनोटेस्लांच्या (हे ते मोजायचं एकक) वर. बुजलेल्या खड्ड्याने त्यात पडणारा फरक मोजक्या नॅनोटेस्लांचा. त्यात आपल्या पायाखाली बेसाल्ट, तो स्वतःच चुंबकीय. आणि शेजारी द्राक्षबाग! यंत्राला सर्वांत आधी सापडले ते बागेचे लोखंडी अँगल.

जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार आज गाडीतच. ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी लवकर विरतात.

(दृश्य : नाशिकचा गोदाकाठ, मातीची गढी)

1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे खोदलं, तेव्हा कुदळ हेच यंत्र होतं. ताम्रपाषाण काळापासून (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा काळ) मराठा काळापर्यंतचे थर त्यांनी उलगडले. आता गढी पावसाळ्यात ढासळते, वर घरं आहेत. बाकी टेकाडांवर जेसीबी आधी पोचतो.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा)

करड्या ठिपक्यांतून एक गडद रेघ निघते आणि काटकोनात वळते. बाबा वाकून बघतात, मग मागे वळून शेतात बोट दाखवतात.

"त्या बाभळीपाशी ना? तिथं माझा नांगर अडायचा."

त्यांना सकाळीच विचारायला हवं होतं.