डोळ्याला आधी दिसते, तोंडात नंतर येते

नमस्कार मंडळी. आज मला त्या लेकरांबद्दल बोलायचंय ज्यांना एकदा पाहिलेली गोष्ट विसरता येत नाही, पण पुस्तक उघडलं की घाम फुटतो.

माझा भाचा तिसरीत आहे, नागपुरात अजनीला राहतो. तान्ह्या पोळ्याला कोणाच्या लाकडी बैलाला कोणत्या रंगाची झूल होती ते वर्षभरानंतरही सांगतो. पण वाचायला बस म्हटलं की त्याचं पोट दुखतं, तहान लागते, पुस्तकच सापडत नाही. शाळेतून वहीवर लाल शेरा यायचा, अभ्यासात लक्ष नाही म्हणून, आणि माझ्या बहिणीने रागाच्या भरात दोनदा हातही उचलला, ते आठवून ती आजही रडते.

एक दिवस मी त्याच्या बाजूला बसले. एक पान त्यानं धडाधड वाचलं. पण जिथे "झाड" छापलेलं होतं तिथे पोट्टं "वड" म्हणालं, कारण चित्रात पारंब्या होत्या! मी चित्रावर हात ठेवला, म्हटलं आता वाच बेटा, तर एकदम गप्प. म्हणजे तो वाचत नव्हताच, चित्र पाहून गोष्ट सांगत होता.

आता बरेच जण म्हणतात, हा पाहून शिकणारा आहे ना, मग चित्रं दाखवा, व्हिडिओ दाखवा, झालं. मला हे पटत नाही. ज्याची जी पद्धत त्याच पद्धतीनं शिकवलं की जास्त येतं, याचा भक्कम पुरावा संशोधकांनाही मिळालेला नाही. बोलणं लेकरू ऐकून ऐकून शिकतं, वाचणं तसं आपोआप येत नाही, कोणत्या अक्षराचा कोणता आवाज ते शिकवावंच लागतं. त्याची नजर तेज आहे तर ती चित्रावरून अक्षरावर आणायची, आणि सोबत कानाला आणि बोटालाही कामाला लावायचं.

आणि आपली लिपी डोळ्याला कशी चकवते बघा. खुर्ची उलटी ठेवली तरी खुर्चीच राहते, पण ध च्या डोक्यावरची रेघ पूर्ण जोडली की त्याचा घ होतो, भ आणि म चं तेच. "किती" लिहिताना पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते पण बोलायची नंतर. रफार तर त्याहून अवघड. "सीताबर्डी" म्हणताना र आधी येतो, ड नंतर, आणि कागदावर मात्र र जाऊन बसतो ड च्या डोक्यावर. जे लेकरू जसं दिसलं तसं धरून चालतं ते इथेच अडखळतं, यात त्याचा काय दोष?

आम्ही काय केलं सांगते. सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग जुन्या लग्नपत्रिकेत एक लांबट खिडकी कापली, पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकी सगळं झाकलेलं. वेलांट्या, मात्रा, रफार लाल स्केचपेननं गिरवले. परातीत रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढता काढता त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा, हे त्याला सगळ्यात आवडलं, अर्धा रवा खाली सांडायचा तरी बहिणीनं काही म्हटलं नाही. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. आणि रात्री गोष्ट आपण वाचून दाखवायची, त्याला वाचायला लावायचं नाही, नाहीतर गोष्टीचीच भीती बसते.

एवढं करूनही महिनोन्‌महिने फरक दिसला नाही तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या, लाजू नका बाप्पा. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकताना येणारी अडचण, ही बुद्धी कमी असणं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अशी अध्ययन अक्षमताही येते, आणि सर्टिफिकेट असलं की बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो. हे खूप पालकांना दहावीच्या तोंडावर कळतं.

मागच्या रविवारी आम्ही दोघं मेट्रोनं निघालो. राहाटे कॉलनी, काँग्रेस नगर गेलं, मग उतरलो. तो बोर्डासमोर उभाच राहिला, गर्दी बाजूनं जात होती, त्याचं बोट हवेत फिरत होतं. सी... ता... मग थांबला. "मावशी, डोक्यावर बसलाय तरी र आधीच म्हणायचा ना?" मी मान हलवली. बर्... डी. आणि मग पुन्हा एकदा, पूर्ण, मोठ्यानं.