किती मदतीनं जमतं?

(कोल्हापुरात ऑटिस्टिक मुलांचे पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बरेच जण फाईल घेऊन आलेले दिसतात. त्यात सगळ्यात वरचा कागद बहुधा ‘इसा’चा असेल, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझमचा. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. सर्टिफिकेटवरची टक्केवारी याच आकड्यावरून निघते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बरेच लाभ ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात. तेव्हा कागद जपून ठेवा, झेरॉक्सही काढून ठेवा.

पण अडचण किती आहे, एवढंच तो कागद सांगतो. सकाळी उठल्यापासून पोरगं स्वतःचं काय काय करतं, हे त्यात शोधू नका. पुन्हा तपासणी झाली, आकडा तोच आला, म्हणून ‘एवढी वर्षं वाया गेली’ म्हणणाऱ्या आया भेटतात. आणि मधल्या काळात त्यांचा मुलगा स्वतःच्या हातानं जेवायला लागलेला असतो.

दुसरा कागद व्हीएसएमएसचा, म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलचा. अमेरिकेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये ही पट्टी मांडली आणि तिचं भारतीय रूप नागपूरला डॉ. मालिन यांनी केलं. तिच्यातून ‘सामाजिक वय’ निघतं, म्हणजे रोजची कामं कोणत्या वयाच्या मुलाइतकी जमतात ते. पट्टी उपयोगाची आहे, पण तिचा आकडा घरात भलत्याच वाटेनं जातो. ओठावर मिशी आलेल्या पोराला ‘सामाजिक वय सहा’ म्हटलं, की घरचे त्याला सहा वर्षांचाच धरतात. आत्या गालगुच्चा घेते, काका पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावतो, आणि न्हाणीघराचं दार उघडंच. मला विचाराल तर असं वय पालकांना एका वाक्यात सांगून मोकळं होणं बरं नव्हे. तो विसाचा असेल तर विसाचाच आहे. काही कामांत त्याला मदत लागते, आणि नेमकी किती, हे आपल्याला शोधायचं आहे.

आंघोळीचं बघा. फॉर्मवर एक ओळ असते, ‘स्वतः आंघोळ करतो : होय / नाही’. वडील म्हणतात, ‘व्हय की, करतोय की.’ आई गप्प. मग मी विचारते, गीझर कोण लावतं? आई. बादलीत गरम-गार पाणी बेताचं कोण करतं? आई. साबण तो लावतो, पण पोटालाच. पाठ राहते, काखा राहतात. डोक्यावर तांब्या ओतला की डोळे मिटून तसाच उभा, ‘आता पुढं’ असं बाहेरून कुणी ओरडेपर्यंत. टॉवेल खांद्यावर टाकतो आणि ओल्या अंगावरच शर्ट चढवतो. आता ‘होय’वर खूण करायची की ‘नाही’वर? दोन्ही खोटंच.

म्हणून आंघोळीचे तुकडे पाडा. दहा पडतील, बारा पडतील. प्रत्येकापुढे मदत कोणती लागली ते लिहा : हात धरून, खुणेनं, तोंडी सांगून, की एकट्यानं. साधी दोनशे पानी वही पुरे. पुढच्या महिन्यात पाठीला साबण ‘हात धरून’वरून ‘खुणेनं’वर आला, तर ती प्रगती, आणि ती कागदावर दिसते. होय-नाहीच्या फॉर्मवर ती कधीच दिसली नसती. शिकवताना शेवटचा तुकडा आधी घेतला तरी चालतो. बाकीचं आपण करायचं, अंग पुसणं त्याच्यावर सोडायचं. काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, मग एकेक पायरी मागे यायचं.

यांत तोंडी मदत सगळ्यात चिवट. हात धरलेला कळतो, सोडता येतो. तोंड मात्र आपल्याही नकळत चालू असतं, आणि मुलगा त्या आवाजाची वाट बघत उभा राहतो. तिथं न्हाणीघराच्या भिंतीवर चार चित्रं लावा. चित्र बघून त्यानं सगळं केलं तर मी ‘एकट्यानं’ लिहिते. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. पण आपणही सामानाची यादी खिशात घेऊनच बाजारात जातो ना?

बाजाराचा विषय निघालाच आहे. वर्गात खोट्या नोटांवर दहापैकी दहा गुण मिळवणारा मुलगा कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसमोर अडतो. शिक्षक म्हणतात, पैशांचं कौशल्य कच्चं. जवळ उभं राहून बघा. शेजारच्या गाळ्यावरची पेटी ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडते, त्याचे हात कानांवर जातात, नोट खाली पडते. पैसे त्याला कळतात. आवाज सोसत नाही. या दोन गोष्टी वहीत वेगळ्या लिहायच्या. सकाळी गर्दी व्हायच्या आत न्या, कानाला हेडफोन लावा आणि मग बघा. आणि हो, हल्ली पाच रुपयांची मिरचीसुद्धा लोक मोबाईलनं घेतात. मग खोट्या नोटा मोजण्यातच सगळा तास का घालवायचा? स्कॅन करणं, रक्कम वाचणं, पिन कुणाला न सांगणं हेही तपासा.

आता जरा कडू बोलते. खूप शाळांच्या अहवालांत प्रगती म्हणून लिहिलेलं असतं, ‘शांत बसतो’, ‘नजरेला नजर देतो’, ‘हात हलवणं कमी झालं’. ही सोय आपली. हात हलवून त्याला बरं वाटत असेल आणि कुणाला इजा होत नसेल, तर ते कमी झालं म्हणून त्याच्या पदरात काय पडलं? त्यापेक्षा हे मोजा : पोटात दुखलं तर तो सांगतो का, बोलून, चित्र दाखवून, कसंही. नको असलेल्या स्पर्शाला ‘नको’ म्हणतो का. अडल्यावर मदत मागतो का. मुलगी असेल तर पॅड कधी बदलायचं, वापरलेलं गुंडाळून कुठं टाकायचं आणि याबद्दल कुणासमोर बोलायचं नाही, हे तिला उमजतं का. ‘नको’ म्हणायला शिकलेलं मूल घरात थोडं जड जातं, मान्य. तरीही मी ते कौशल्यातच लिहिते.

उद्दिष्ट कुणी ठरवायचं? बहुतेक घरांत त्याला सोडून सगळे ठरवतात. एका तरुणाच्या वडिलांना हवी होती सही. त्याच्यासमोर चित्रं मांडली तर त्यानं केएमटीच्या, म्हणजे इथल्या शहर बसचं चित्र उचललं आणि रंकाळा तलावाच्या चित्रावर ठेवलं. अशा वेळी किरेसुक आणि शर्मन यांची उद्दिष्ट किती गाठलं ते मोजायची १९६८ ची पद्धत कामाला येते. एकाच उद्दिष्टाच्या, इथं बसनं रंकाळ्याला जाण्याच्या, पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. वडील शेजारी बसतात आणि सांगून उतरवतात, ही आजची स्थिती : उणे २. वडील शेजारी, पण कुठं उतरायचं ते तो ओळखतो : उणे १. वडील मागच्या सीटवर : शून्य, म्हणजे सहा महिन्यांत आपण धरलेली अपेक्षा. वडील रंकाळ्याच्या स्टॉपवर उभे, बसमध्ये तो एकटा : अधिक १. एकटा जातो आणि पोचल्यावर फोटो पाठवतो : अधिक २. इथं त्याची तुलना फक्त त्याच्याशीच. सही मागाहून बघू.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली : मुलगा अठरा पूर्ण करतोय, आता कायदेशीर पालकत्वाचं काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. पालक नेमायची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे ती समिती बघते. ‘त्याला काहीच कळत नाही’ असं सरसकट लिहून देऊ नका. बँकेचे व्यवहार जमत नाहीत, औषधाच्या वेळा पाळतो, कपडे स्वतः निवडतो, असं वहीतून उतरवून न्या.

दुसरी चिठ्ठी : पुन्हा कधी मोजायचं? साधारण तीन महिन्यांनी, आणि दिवाळीत नको. पाहुणे, फटाके, शाळेला सुट्टी, सगळाच दिनक्रम मोडलेला असतो. त्या आठवड्यातली घसरण खरी धरू नका. नेहमीचा आठवडा घ्या, तीन वेगळे दिवस घ्या, आणि दोन वेगळ्या माणसांना लिहू द्या, एकदा आई, एकदा काका. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर भांडू नका, तुकडे एकत्र बसून वाचा. बहुतेक वेळा दोघांपैकी एकजण सवयीनं आधीच गीझर लावून आलेला असतो.