कल्हईचं कथील आणि गॅसचा अलार्म

हे चिमटीत मावणारं डबडं बघा, वर स्टीलची बारीक जाळी असलेलं. हा एमक्यू-६ सेन्सर. डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला एलपीजी लीक झाला की बझर वाजवायचा प्रोजेक्ट केला असेल तर तुम्ही हा हाताळलाच असेल. थोडा वेळ चालू ठेवला की बोटाला गरम लागतो, कारण आत हीटर आहे आणि त्यावर टिन ऑक्साइडचा थर. टिन म्हणजे आपलं कथील, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तेच.

जपानमध्ये घरोघरी स्वयंपाकाला प्रोपेन गॅस पोचला आणि त्याच्यामागोमाग स्फोटही. १९६२ मध्ये नाओयोशी तागुची यांनी अशा सेन्सरचं पेटंट मागितलं आणि १९६८ पासून तो बाजारात मिळायला लागला.

आत काय होतं? थर टिन ऑक्साइडच्या बारीक कणांचा असतो. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कणाला चिकटतो आणि चिकटताना कणातले इलेक्ट्रॉन ओढून धरतो, त्यामुळे करंट अडतो. मग गॅस आला की तो या ऑक्सिजनबरोबर तिथल्या तिथे जळतो, ज्योत वगैरे काही नाही, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन सुटतात. रेझिस्टन्स पडला की बझर. म्हणजे केमिस्ट्री आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही एकाच कणाच्या सालीवर चालतं, आणि मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

ही साल, म्हणजे कणाचा इलेक्ट्रॉन ओढले गेलेला वरचा थर, साधारण ३ नॅनोमीटर जाडीची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). १९९१ मध्ये जपानमध्येच यामाझोए या संशोधकांच्या ग्रुपने दाखवलं की कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की सेन्सर एकदम तिखट होतो, कारण दोन्हीकडची साल एकमेकीला भिडते, मध्ये गाभा उरतच नाही. पण असे कण गच्च चेपून बसवले तर गॅस वरच्यावरच जळून जाणार, खालच्या कणांपर्यंत पोचणारच नाही, म्हणून आंबोळीला पडते तशी जाळी थरभर पडायला हवी.

ती पाडायची कशी? साबणासारखे रेणू पाण्यात गोळा होतात, त्यांच्याभोवती ऑक्साइड जमू द्यायचं, मग ते रेणू जाळून टाकायचे, त्यांची जागा रिकामी राहते. सिलिकात, म्हणजे वाळूत असतं त्या ऑक्साइडात, हे छान जमतं. टिन ऑक्साइडमध्ये मात्र तापवलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि जाळी ढासळते, आणि सेन्सरला तर आयुष्यभर तापूनच राहायचंय! खरी झटापट इथेच आहे. एक उपाय असा, की आधी सिलिकाची जाळी करायची, तिच्या भोकांत टिन ऑक्साइड भरून भाजायचं आणि मग सिलिका कॉस्टिक सोड्याने धुऊन काढायची. कोणी वरून चिमूटभर पॅलेडियम हा धातू घालतं, म्हणजे गॅस लवकर जळतो.

आता बघा, लायटर न पेटवता नुसता गॅस सोडतोय... सेन्सरला जोडलेल्या स्क्रीनवरचा आकडा चढला. लायटर बाजूला घेतला. आकडा उतरतोय, पण हळूहळू, कारण बाहेरचा ऑक्सिजन आता एकेका भोकातून परत आत शिरतोय.