विंडोज ११ आणि पडद्यावरची मांडामांड

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि प्रकाशनाचे हिशेब सांभाळणारेच जास्त आहेत, तेव्हा तुमच्या कामाच्या अंगानेच बोलतो. विंडोज १०ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. घरगुती मशिनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, आणि तीही नोंदणी केली तरच. त्यानंतरही मशिन चालू राहील, पण त्यात सापडलेली नवी भोकं कोणी बुजवणार नाही. ज्या मशिनवर लेखकांची हस्तलिखितं, मेल आणि बँकेचे व्यवहार एकत्र आहेत, ते असं उघडं ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा विंडोज ११वर जायचं. आधी आपलं मशिन त्यात बसतं का ते बघू. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की उत्तर मिळतं. कागदावरची अट अशी : ६४ बिटचा, किमान दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप). प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडीच्या रायझन २०००पासून पुढचा लागतो. वर्ड, पीडीएफ आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवणाऱ्यांनी ४ जीबीवर भागवू नका, ८ जीबी घ्याच.

'टीपीएम नाही' असं दिसलं की लोक लगेच नव्या मशिनचा भाव विचारायला जातात. थांबा. पुष्कळदा टीपीएम मशिनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू करण्याआधी एक काम मात्र न चुकता करा. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी-की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. बायोसमधलं बूटचं सेटिंग बदललं की पुढच्या बूटला तो आकडा मागितला जाऊ शकतो. तो नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतली फाइल हाती लागत नाही.

जुन्या असेंबल केलेल्या मशिनची अडचण वेगळी. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते बघा. 'लेगसी' असेल तर डिस्क बहुतेक एमबीआर या जुन्या मांडणीची आहे आणि विंडोज ११ला लागणाऱ्या यूईएफआयला, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराला, तिच्यावरून विंडोज उठवता येत नाही. विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची कमांड आहे, ती डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलून देते. आधी तिचा तपासणीचा पर्याय चालवा, मगच बदलाचा. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली किंवा लॉजिकल पार्टिशन असलं तर ती नकार देते. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे करायची पद्धत होती, त्यामुळे घोडं नेमकं इथेच अडतं. अशा वेळी डेटा बाहेर काढून ते तुकडे मोकळे करावे लागतात. क्रमही सांभाळा : आधी डिस्कची मांडणी बदला, मग बायोसमध्ये यूईएफआय निवडा. उलटं केलंत तर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं येईल. घाबरू नका, सेटिंग मागे घेतलं की जुनं विंडोज पुन्हा उठतं.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी ठेवलीत तर काम अडखळत नाही. आणि गुरुवार टाळा! पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा तो वार. टेबलाखालचा छोटा यूपीएस फाइल सेव्ह करून मशिन बंद करण्यापुरता असतो, तासभर चालणारं अपग्रेड तो पेलत नाही.

मराठी कामाचं जरा सविस्तर सांगतो. डाँगलवर (मशिनला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर असेल, किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल, तर त्याचा विंडोज ११साठीचा ड्रायव्हर आधी हातात ठेवा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, ३२ बिटचा ड्रायव्हर त्यावर चढत नाही. सध्याचं विंडोज १० ३२ बिटचं असेल तर अपग्रेड होतच नाही, नव्याने टाकावं लागतं. नव्याने टाकल्यावर जुन्या फायली उघडल्या की अक्षरांचं वळण बदललेलं दिसतं. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात असतात. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स या वाटेने तो संच उतरवून घ्या. हे न करता छपाईची पीडीएफ काढली तर बदली फॉन्टमुळे ओळी सरकतात, पानं वाढतात आणि अनुक्रमणिका चुकते.

अपग्रेडनंतर परत फिरायला १० दिवस मिळतात. जुनं विंडोज तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये असतं. जागा करायच्या नादात ते पुसलंत तर परतीची वाट बंद. म्हणून डाँगल, प्रिंटर आणि एक पूर्ण पीडीएफ या तीन गोष्टी पहिल्या दोन दिवसांतच तपासा.

आता ज्यासाठी मला हे विंडोज आवडतं त्याकडे येतो. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो एकमेकींवर चढतच नसत, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर येऊ लागल्या, आणि तेव्हापासून आपण खालची विंडो शोधत बसलोय. २००९च्या विंडोज ७ने कडेला ओढून अर्धा पडदा भरण्याची सोय दिली. विंडोज ११ने त्याचे तयार आराखडे दिले.

मुद्रितशोधनाचं उदाहरण घ्या. मूळ हस्तलिखिताची पीडीएफ आणि जुळवलेली वर्ड फाइल, दोन्ही उघड्या आहेत. पीडीएफच्या विंडोवर असताना विंडोज-की आणि झेड दाबा. वर आराखड्यांची पट्टी येते, प्रत्येकावर आकडा असतो. अर्ध्या-अर्ध्याचा आकडा दाबा, मग डाव्या जागेचा. पीडीएफ डावीकडे बसते आणि उजवीकडे बाकीच्या विंडोंची छोटी चित्रं येतात, त्यातून वर्ड निवडा. मधली रेघ ओढली की एक विंडो रुंद होते आणि दुसरी तेवढीच आवळते. वर्डमध्ये कंट्रोल-एफ१ दाबून वरची पट्टी मिटवली की मजकुराला चार ओळी जास्त मिळतात. दोन्ही प्रती वर्डमध्येच असतील तर व्ह्यूमधलं 'साइड बाय साइड' वापरा, एक प्रत सरकवली की दुसरी सोबत सरकते.

ही जोडी विंडोज लक्षात ठेवतं. मध्येच मेल बघायला गेलात तरी अल्ट-टॅबमध्ये दोघी एका चौकटीत दिसतात आणि एकदम परत येतात. पण त्यातली एक जरी ओढून हलवलीत तरी जोडी मोडते. 'तीन रकान्यांचा आराखडा माझ्याकडे दिसतच नाही' अशी तक्रार नेहमी येते, त्याचं कारण स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण. त्या आराखड्याला १९२० पिक्सेलची रुंदी लागते. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर स्केलिंग १२५ टक्के ठेवलं की विंडोजच्या हिशेबी रुंदी १५३६ उरते. मुद्रितशोधकाने डोळे ताणून १०० टक्क्यांवर यावं असं मी सांगणार नाही. दोन रकाने पुरतात, शब्दकोश वेगळ्या डेस्कटॉपवर, म्हणजे त्याच मशिनमधल्या दुसऱ्या आभासी पडद्यावर, ठेवा : नवा डेस्कटॉप विंडोज-कंट्रोल-डीने, ये-जा विंडोज-कंट्रोल आणि बाणांनी. या डेस्कटॉपांच्या फायली आणि आयकॉन एकच असतात. मशिन पुन्हा सुरू केल्यावर त्यांची नावं राहतात, विंडो मात्र पुन्हा मांडाव्या लागतात.

टास्कबारवर दोन वर्ड फायलींचं एकच चिन्ह दिसत असेल, तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये बटणं एकत्र करण्यासमोर 'नेव्हर' निवडा. ही सोय सुरुवातीच्या विंडोज ११मध्ये नव्हती, २०२३च्या अपडेटने परत आली. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावणाऱ्यांनी डिस्प्लेच्या 'मल्टिपल डिस्प्लेज'मध्ये विंडोंची जागा लक्षात ठेवण्याची खूण चालू आहे ना, ते बघून घ्या. नाहीतर वायर काढून लावली की सगळा पसारा लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन पडतो.

आता समोरच्या मशिनवर एक पीडीएफ आणि एक वर्ड फाइल उघडा, आणि विंडोज-की धरून झेड दाबा.