लाल दिवा इंजिनालाही दिसला पाहिजे

मंडळी, आपल्याकडे तर तालुक्यांच्या नावातच रेल्वे आहे. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे. गाडीच्या भोंग्यावर वेळ ओळखून वावरात जाणारी माणसं आपण. म्हणून ही गोष्ट मला तुमच्यापुढेच मांडायची होती.

मी तीस वर्षं इंजिन चालवलं. अपघात झाला की लोक आधी विचारतात, ड्रायव्हर झोपला होता का? एक रात्र सांगतो. पौषातलं धुकं होतं. सिग्नल दिसला की आम्ही हात दाखवून मोठ्यानं बोलतो आणि सहायक तेच परत म्हणतो. मी म्हटलं, "डबल यलो." म्हणजे दोन पिवळे दिवे, पुढचा सिग्नल लाल नाही. तोही म्हणाला, "डबल यलो." खरं तर दिवा एकच पिवळा होता, म्हणजे पुढचा सिग्नल लाल, थांबायची तयारी करा. रोज त्या जागी डबल यलो असायचा, म्हणून जीभ बोलून गेली. पुढं धुक्यातून एकदम लाल उगवला. गाडी थांबली तेव्हा तो दिवा काचेसमोरच होता. दोघंही टक्क जागे होतो हो!

इंजिनात ड्रायव्हर जागा आहे का, हे बघणारं यंत्र पूर्वीपासून आहे. मिनिटभर काही हालचाल केली नाही, तर ते ओरडतं आणि शेवटी ब्रेक लावतं. पण समोरचा लाल दिवा त्याला कळत नाही. तो कळतो 'कवच' नावाच्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला. रुळांमधल्या स्लीपरवर बसवलेले टॅग इंजिन वाचत जातं, स्टेशनच्या मनोऱ्यावरून रेडिओनं सिग्नलची खबर येते, आणि ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही तर ब्रेक आपोआप लागतो. फाटक आलं की भोंगाही आपोआप वाजतो.

ही कल्पना काल-परवाची नाही. ऑगस्ट 1999 मध्ये पश्चिम बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर आदळून 280 च्या वर माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेत राजाराम बोज्जींनी टक्कर टाळणारं यंत्र करायला घेतलं. आजच्या कवचची प्रवासी गाडीवर चाचणी 2016 मध्ये सुरू झाली, मान्यता 2020 मध्ये मिळाली. आणि 2023 च्या उन्हाळ्यात ते किती मार्गावर होतं? देशातल्या 68 हजारांवर किलोमीटरपैकी 1,465. शेजारच्या मराठवाड्यात, परभणी-नांदेडकडे बसलं होतं. इकडे आपल्या गोंदियाजवळ ऑगस्ट 2022 मध्ये प्रवासी गाडी पुढच्या मालगाडीवर मागून जाऊन धडकली.

कवच म्हणजे सगळ्यावर औषध, असं मी म्हणणार नाही. ओडिशातल्या बालासोरला जून 2023 मध्ये 290 च्या वर जीव गेले, तिथं दोष सिग्नलच्या वायरिंगमध्ये होता. ड्रायव्हरला हिरवा दिवा मिळाला होता आणि गाडी वळली लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या मालगाडीकडे. तिथं वायर जोडणाऱ्याचं काम दुसऱ्यानं तपासायला हवं होतं. तेही तितकंच महत्त्वाचं.

पण खर्च मोठा, काम किचकट, हे उत्तर मला पटत नाही. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपवलीच ना! मनावर घेतलं तेव्हा झालं.

खासदार आले की आपण एक्स्प्रेसला थांबा मागतो. जरूर मागा. पण त्याच निवेदनात दुसरी ओळ लिहा: बडनेरा ते वर्धा कवच कोणत्या तारखेपासून चालू, आणि इथून जाणाऱ्या किती इंजिनांत ते बसलं? रुळावर आहे पण इंजिनात नाही, तर गाडी थांबत नाही. उत्तर लेखी मागा.